थेंब बसला का पसरला?

हा बघा, वस्तऱ्याला धार लावायच्या दगडावर पाण्याचा थेंब टाकलाय आणि तो पसरायलाच तयार नाही, अळूच्या पानावर बसतो तसा गोल होऊन बसलाय. रविवारी जुन्या बाजारातून उचललेला दगड आहे, आधीच्या मालकाने भरपूर तेल पाजलेलं दिसतंय, आता कसलं पाणी घेतोय तो.

पुण्याच्या कसब्यातले हे न्हावी काका, दुकानात गिऱ्हाइकाला दरवेळी नवीन ब्लेड, पण स्वतःची दाढी अजून वडलांच्या वस्तऱ्याने, आणि धोकटीतला निसणा, म्हणजे धारेचा दगडपण, वडलांचाच. धार लावताना दगडावर तेल टाकायचं का पाणी, विचारलं तर म्हणाले, "दगड कुठला ते सांग आधी."

आता अमेरिकेतला आर्कान्सा दगड घ्या, तो म्हणजे नोव्हॅक्युलाइट नावाचा खडक, जवळजवळ सगळा क्वार्ट्झच, म्हणजे गारगोटी, एकदम घट्ट, त्याच्यावर पहिल्यापासून तेलच चालत आलंय. बेल्जियमचा पिवळसर कोटिक्युल वेगळा, त्यात गार्नेट या कठीण खनिजाचे बारीक कण असतात, पाणी टाकून छोट्या दगडाने घासलं की दुधासारखा गाळ सुटतो आणि पोलाद कापायचं काम तो गाळच करतो, तिथे तेल ओतलं की मजाच गेली. क्योटोकडचे जपानी दगडपण पाण्याचेच.

बाकी धार तेलही लावत नाही आणि पाणीही नाही हां, घासून निघालेली काळी भुकटी वर तरंगत ठेवायची एवढंच त्यांचं काम, नाहीतर ती दगडात बसते आणि मग वस्तरा नुसताच घसरतो.

तेलाच्या बाबतीत मी स्वतः माती खाल्लीय. घरात खोबरेल होतं, ओतलं. डिसेंबरातली पुण्याची सकाळ, बाटलीत थिजतं ते दगडावर थिजणार नाही होय, पांढरा थर धरला आणि वस्तरा लोण्यावरून फिरल्यासारखा. जवसाचं तर त्याहून वाईट, वाळून व्हार्निशच होतं त्याचं. काका शिलाई मशीनचं तेल घेतात, पातळ असतं, चिकटत नाही, दोन थेंब बास.

आता या जुन्या बाजारातल्या पाहुण्याचं काय? रॉकेलने पुसला, साबणाने घासला, तरी थेंब गोलच. काकांनी वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला, बोट बुडवून दगडावर फिरवलं, आणि हे बघा, पसरलं पाणी.

"पण नंतर पातं कोरडं पूस हां, पावसाळ्यात गंज चढायला वेळ लागत नाही," काका म्हणतात, आणि आपला वस्तरा सदऱ्यालाच पुसतात.