किनाऱ्याचे विश्वस्त

श्रोतेहो, नमस्कार.

१८६९ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने शिकागोजवळचा मिशिगन सरोवराचा तळ, चांगला हजार एकरांहून मोठा, एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला. चार वर्षांनी राज्याला उपरती झाली. प्रकरण कोर्टात गेलं आणि १८९२ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की हा तळ राज्याकडे जनतेच्या वतीने सांभाळायला आहे, असा कुणाला देऊन टाकता येणार नाही.

या जुन्या निकालातली ताकद ओळखली जोसेफ सॅक्स यांनी. हे कायद्याचे प्राध्यापक. जन्म शिकागोचाच, अध्यापन मिशिगन विद्यापीठात. १९७० साली त्यांनी एक दीर्घ लेख लिहून मांडलं, की नद्या, सरोवरं, किनारे यांचं सरकार हे विश्वस्त आहे आणि विश्वस्ताला कोर्टात जाब विचारता येतो. त्याच वर्षी मिशिगनमध्ये त्यांनी मसुदा केलेला कायदा झाला. पर्यावरणाची हानी होत असेल, तर कुणाही नागरिकाला दावा लावता येऊ लागला. स्वतःचं नुकसान दाखवायची गरज नाही!

पुढे आपल्याकडे बियास नदीची केस आली. कुलू-मनालीच्या खोऱ्यात एका मोटेलने नदीकाठची वनजमीन बळकावली. पूर आपल्या अंगावर येऊ नये म्हणून बुलडोझर लावून नदीचा प्रवाहच वळवायला घेतला. वर ती जमीन सरकारने मोटेलला रीतसर भाडेपट्ट्याने दिलीसुद्धा. वर्तमानपत्रातली बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबर १९९६ मध्ये भाडेपट्टा रद्द केला. निकालपत्रात सॅक्स यांच्या लेखातले उतारेच्या उतारे आहेत. विश्वस्ताचं हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग आहे, असं न्यायालयाने तिथे स्पष्ट म्हटलं.

२००९ मध्ये हेच तत्त्व गोव्यात पोचलं. दोना पावलाजवळ वायंगिणीच्या किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट एका हॉटेलच्या वाढीव बांधकामाने अडली होती. ती मोकळी करा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला.

मला सॅक्स यांचा एक मुद्दा मात्र अस्वस्थ करतो. न्यायाधीशांनीच सगळं ठरवावं, असं त्यांना वाटत नव्हतं. गुपचूप झालेला व्यवहार कोर्टाने थांबवावा आणि प्रश्न पुन्हा लोकप्रतिनिधींपुढे, उघड्यावर न्यावा, ही त्यांची अपेक्षा. गोव्यात प्रश्न खरोखरच लोकप्रतिनिधींकडे गेला. त्यांनी त्याच वर्षी भूसंपादन कायद्यात पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या तारखेपासून लागू होणारी, दुरुस्ती केली, आणि वाचवलं ते हॉटेलचं बांधकाम.