धोलावीराला गाडी काढताय? आधी स्टेपनी बघा

नमस्कार मंडळी! थंडी पडली की घरोघरी एकच विषय, यंदा गाडी काढून कुठे जायचं. माझं ऐका, धोलावीराला जा. कच्छच्या रणात खदीर नावाचं बेट आहे, त्यावर हडप्पा संस्कृतीतलं साधारण पाच हजार वर्षांपूर्वीचं शहर आहे, 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं ते.

मुंबई-पुण्याहून एका दमात पोचायचा हट्ट नको, अहमदाबादच्या आसपास मुक्काम टाका. आणि वाटेत दमणला वळून डिकीत "सामान" भरायचा बेत असेल तर राहू द्या, गुजरातेत दारूबंदी आहे, पकडलं की ट्रिप तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी सूरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ लागलं, मग रापरकडे वळायचं. रापरला टाकी फुल करा, "अर्धी आहे की" असं म्हणू नका, सीएनजीवाल्यांनी पेट्रोलही भरून घ्या. मॅप आधीच डाउनलोड केलेला बरा, पुढे रेंजचा भरवसा नाही.

आता स्टेपनी. आमचं चाक पंक्चर झालं ते रापर सोडल्यावर, भर दुपारी. जॅक होता, पाना होता, मोठ्या ऐटीत स्टेपनी लावली, जॅक खाली घेतला आणि गाडी पार रिमवर बसली! चार वर्षांत स्टेपनीत कुणी हवाच भरली नव्हती. मेहुणे माझ्याकडे बघतायत, मी स्टेपनीकडे. शेवटी एक ट्रॅक्टरवाले काका आले आणि पंक्चरचं चाक आणि मी, दोघंही ट्रॉलीत बसून रापरला परत. तेव्हापासून लायटरच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप माझ्या गाडीत कायम असतो. अंधार पडायच्या आत पोचा, रात्री नीलगाय कधी आडवी येईल सांगता येत नाही.

अवशेष बघायला सकाळी लवकर जा, दोन-तीन तास सहज लागतात आणि सावली म्हणाल तर नावाला नाही. मनसर आणि मनहर या दोन ओढ्यांचं पावसाचं पाणी अडवून या लोकांनी तलाव भरले, पूर्वेकडचा तर 73 मीटर लांब, 29 रुंद आणि दहा मीटर खोल आहे, पायऱ्यांवर उभं राहून खाली बघा, चक्कर येते. पाण्याची एवढी अक्कल असलेल्या गावात आपण जातो ते एक लिटरची बाटली घेऊन! माणशी तीन लिटर तरी गाडीत हवंच. उत्तरेच्या दरवाज्यापाशी दहा चिन्हांची पाटी सापडली होती, ती अजून कुणाला वाचता आलेली नाही, गाइड छातीठोक अर्थ सांगायला लागला तर नुसती मान डोलवा. पायाखाली खापरं दिसतील, उचलून खिशात घालू नका. म्युझियम शुक्रवारी बंद असतं, तसा दिवस धरा.

परतताना खावडामार्गे भुजला या, दोन्ही बाजूंना रण आणि मधून सरळ रस्ता. फोटोसाठी गाडी मात्र खाली उतरवायची नाही, वरून कडक पांढरा पापुद्रा दिसतो आणि आत चिखल असतो. आणि भुजला पोचलात की खालून प्रेशरने गाडी धुऊन घ्या, मीठ पत्रा खातं.