फळीवर वंदना

(बालसाहित्यावरील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीला एक कबुलीजबाब घेतो. गणपतीच्या आरतीत लहानपणी ‘फळीवर वंदना’ किती जणांनी म्हटलंय? हात वर करा. ...बघा, पहिल्या रांगेतल्या आजींपासून शेवटच्या रांगेपर्यंत. मूळ शब्द ‘फणिवरबंधना’ आहे, हे आपल्याला बऱ्याच उशिरा कळतं आणि काहींना ते आत्ता, या क्षणी कळलंय, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंय.

पण मुलाच्या बाजूने विचार करा. चाळीतली दहा बाय बाराची खोली. देव कुठे? फळीवर. मग वंदना कुठे होणार? त्यात चुकीचं काय आहे? ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ होतं, कारण संकष्टी दर महिन्याला घरात येते, तिच्या दिवशी आई चंद्राची वाट बघते, आणि गणपतीचा तिच्याशी संबंध असतो हेही मुलाला पक्कं ठाऊक असतं. विठ्ठलाच्या आरतीतल्या ‘कुरवंड्या’ कुणी बघितल्यात? सुरवंट मात्र भाद्रपदात भिंतीवर दिसतातच. म्हणून ‘ओवाळू आरत्या सुरवंट्या येती’. आणि ‘दास रामाचा वाट पाहे सजणा’बद्दल मी काही बोलत नाही, कारण त्याला सिनेमा जबाबदार आहे.

आता मुद्द्याचं. हे ऐकून हसतं कोण? आपण, मोठी माणसं. ते पोर हसत नसतं, ते डोळे मिटून, टाळ्या वाजवत, पूर्ण श्रद्धेने फळीला वंदन करत असतं. म्हणजे हा मुलांवरचा विनोद झाला. मुलांचा विनोद नव्हे. आपल्याकडे बालविनोद म्हणून जे छापलं जातं, त्यातलं पुष्कळसं याच जातीचं. गुरुजी प्रश्न विचारतात, बंडू बावळट उत्तर देतो, वाचणारा हसतो. मुलं तेही वाचतात, नाही असं नाही. पण ती आपापसात कशावर हसतात हे ऐकायचं असेल, तर बंडूला सोडून जिन्यावर जाऊन बसावं लागतं. गंमत बघा, हीच ‘फळीवर वंदना’ चौथीतला मुलगा पहिलीतल्या बहिणीला चिडवायला म्हणू लागला, की त्या क्षणी ती मुलांची होते. आता त्याला खरं काय ते माहीत असतं, आणि माहीत असून तो चुकतो.

मी मुंबईत शिकवलं, म्हणून मुंबईचंच सांगतो. या शहरात मुलाच्या कानावर दिवसभर हुकूम पडतात. ‘पुढे चला, पुढे चला’. कंडक्टरची एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. फलाटावरचा तो भावनाशून्य आवाज. मूल या हुकमांचं काय करतं? ते पळवतं. वर्गातले बाक एकामागे एक लावले की बेस्टची बस तयार. त्या बसमध्ये ड्रायव्हर व्हायला फार कुणी भांडत नाही, सगळ्यांना कंडक्टर व्हायचं असतं. कारण उघड आहे. ओरडायचा अधिकार त्याचा, घंटा त्याची आणि ‘सुट्टे द्या’ म्हणून मोठ्या माणसाला गप्प करायची ताकदही त्याचीच.

लोकलची घोषणा तर मुलांना आयती मिळालेली. तीन भाषांत तीनदा, त्याच सुरात. माझ्या वर्गातली एक मुलगी डबा उघडताना म्हणायची, ‘पुढील स्टेशन, भेंडी. अगला स्टेशन, भेंडी. नेक्स्ट स्टेशन, भेंडी.’ तीनदा भेंडी म्हटल्यावर भेंडीची जी निराशा होते, ती एकदा म्हणून होत नाही. दुसरा एक पठ्ठ्या दोन बाकांवरून उडी मारताना गंभीरपणे सांगायचा, ‘कृपया पायदान आणि फलाट यांमधील अंतराकडे लक्ष द्या’ आणि मग बरोबर त्या अंतरात पडायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सरकारी आवाज जसाच्या तसा ठेवायचा आणि फक्त जागा बदलायची, हे विडंबनाचं तंत्र मोठ्या लेखकांना जमेपर्यंत केस पांढरे होतात.

दुसरी एक खोड म्हणजे शहराला शब्दशः धरणं. मलबार हिलवर कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट आहे. इंग्रजी बडबडगीतातली म्हातारी, बुटात राहणारी. आमच्या मुलांना त्या गाण्याशी देणंघेणं नसतं. त्यांचा पहिला प्रश्न, ‘म्हातारी कुठे गेली?’ आणि दुसरा, ‘दुसरा बूट कुठाय?’ सहलीला नेलेल्या प्रत्येक वर्गात हे दोन प्रश्न येतात, आणि तिसरं मूल उत्तर देतं, ‘दुसरा शिवायला टाकलाय, म्हातारी तिकडेच गेलीय.’

काळा घोडा घ्या. तिथे घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा पुतळा होता. १९६५ साली तो हलवून राणीच्या बागेत नेला. नाव मात्र तिथेच राहिलं. नाव आहे, घोडा नाही, अशी अर्ध्या शतकाची परिस्थिती. मग २०१७ साली तिथे नवा काळा घोडा उभा केला, त्याच्यावर स्वार नाही. आता मुलांना हे सांगून बघा. जुना घोडा राणीच्या बागेत, म्हणजे प्राण्यांच्या जागी प्राणी गेला, हे त्यांना एकदम पटतं. मग राजा पण पिंजऱ्यात का, असं विचारतात. इतिहासाच्या पुस्तकातून साम्राज्य गेल्याचं इतकं नीट कळत नाही. त्याच बागेत २०१६ साली सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आले आणि त्यांच्यासाठी थंडगार घर बांधलं. त्यावर एका चाळकरी मुलाचं म्हणणं होतं, ‘आमच्याकडे पण पाहुणे आले की एसी लावतात, पण बिल येतं म्हणून लगेच बंद करतात.’

याच बागेचं नाव घेऊन विंदा करंदीकरांनी १९६१ साली बालकवितांचा संग्रह काढला. कवीला जंगल शोधत हिमालयात जावं लागलं नाही, भायखळ्याला उतरणं पुरलं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही असाच. तो फुरसुंगीचा आहे, पुण्यात विद्याभवनमध्ये शिकतो आणि सायकल चालवतो. त्याला पत्ता आहे. पत्ता असलेल्या मुलाच्या फजितीला वजन येतं. कुठल्याही नगरातला कुठलाही चिंटू झाडावरून पडला तर पडला, आपल्याला काय!

पुण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, मुलांच्या दृष्टीने जगातलं सर्वांत विनोदी दैवतमंडळ त्या शहरात आहे. डुल्या मारुती, जिलब्या मारुती, बटाट्या मारुती, रड्या मारुती, उंटाड्या मारुती. शिवाय पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, गुपचूप गणपती. एका एका नावामागे पेठांमधून दोन-दोन, तीन-तीन हकिगती सांगतात. मुलांना त्या ऐकायच्याच नसतात. उपाशी विठोबाला जिलब्या मारुतीकडे जेवायला पाठवायचं की बटाट्या मारुतीकडे, यावर ती अर्धा तास भांडू शकतात.

पण मला सगळ्यांत आवडतं ते गल्ली क्रिकेटचं कायदेमंडळ. भिंतीला लागली की दोन. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेली की आउट. ज्या काकू बॉल परत देत नाहीत त्यांच्याकडे गेली की आउट, आणि वर बॉल भरून द्यायचा. एलबीडब्ल्यू नाही, कारण अंपायर बॅटिंगवाल्यांचाच. ज्याची बॅट, त्याला पहिल्या बॉलवर आउट देता येत नाही. दिला तर बॅट घरी जाते आणि मॅच संपते. शहर मुलांना जागा देत नाही, म्हणून ती जागेच्या प्रत्येक इंचावर कायदा करतात आणि त्या कायद्याची स्वतःच टर उडवतात. त्यात ‘कच्चा लिंबू’ ही तरतूद. धाकटा भाऊ खेळतो, पण आउट होत नाही. त्याला हे ठाऊक नसतं. सगळी टीम त्याच्या प्रत्येक चुकलेल्या फटक्यावर ‘काय मारला!’ म्हणून ओरडते. एवढं मोठं सामूहिक नाटक एकही तालीम न करता उभं राहतं.

हे सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. गावाकडून नवीन आलेल्या मुलाने ‘मी चाल्लो’ऐवजी ‘मी चाल्लू’ म्हटलं, की त्याची नक्कल वर्षभर चालते. शहराचा कान तीक्ष्ण असतो तसा क्रूरही. शिक्षकाने तिथे मध्ये पडायचं असतं, आणि मी पडलोही. बसमधल्या कंडक्टरच्या नकलेला हसायचं, पण या नकलेला नाही, एवढा फरक मुलांना सांगितला की कळतो. वरच्याची नक्कल वेगळी, एकट्या पडलेल्याची वेगळी.

मला नेहमी विचारतात, चाळी पाडल्या, टॉवर आले, आता हे संपलं ना? संपत नाही हो. हुकूम बदलले, एवढंच. माझ्या ओळखीच्या एका घरात, एकविसाव्या मजल्यावर, चार वर्षांची नात आहे. ती सध्या वॉचमन आहे. बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसते. परवा आजोबा घाईने आले. तिने विचारलं, ‘कोणाकडे जायचंय?’ आजोबा म्हणाले, ‘बाळा, आत जाऊ दे.’ ‘नाव सांगा.’ त्यांनी नाव सांगितलं. ‘ओटीपी आला का?’ आजोबांनी मनाला येतील ते चार आकडे सांगितले. तिने हाताच्या तळव्यावर बोट फिरवून तपासलं आणि म्हणाली, ‘चुकीचा आहे. मॅडमला फोन करा.’