घर गुण्यात बसवताना

[चाळीसगाव तालुका. सकाळ. मोकळा प्लॉट, खुंट्या, सुतळी.]

आज पाया आखायचा. मिस्तरींनी फक्की, म्हणजे चुन्याची पूड, मारलीय. रेघ चांगली दोन बोटं रुंद. भूमितीतल्या रेषेला रुंदीच नसते. मिस्तरी तरी कुठे फक्कीवर विसंबतात? माप घेतात ते वर ताणलेल्या सुतळीवरून.

आता कोपरा. खुंटीपासून एका सुतळीवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर. दोन खुणांमध्ये टेप धरला.

"गुण्यात शे का?" म्हणजे काटकोनात आहे का, हाताखालचा पोऱ्या विचारतो.

नाही. काटकोन असता तर 5 फूट भरले असते; पाव इंच कमी. एवढ्याशाने काय होतंय? 30 फुटांच्या भिंतीचं टोक तीन इंच सरकतं, आणि पुढे फरशीवाला शिव्या घालतो. म्हणून जुने मिस्तरी 6-8-10 धरतात. टेपची चूक तेवढीच राहिली, तरी कोपऱ्यातली निम्मी होते.

[पाटणादेवीचा डोंगर.]

याच तालुक्यात पाटणच्या देवळात एक शिलालेख आहे. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, त्याची ती नोंद. 1150 सालच्या 'लीलावती'त आचार्य विचारतात: काटकोनाच्या दोन बाजू, कोटी 4 आणि भुज 3, तर श्रुती, म्हणजे कर्ण, किती? श्रुती म्हणजे कान, कर्ण म्हणजेही कान. श्लोकात बसेल तो कान घ्यावा. उत्तर 5 च. नवाला सोळा मिळवा, पंचविसाचं मूळ काढा.

[पुन्हा प्लॉट. पाणी भरलेली नळी.]

नळीच्या दोन्ही टोकांचं पाणी एका उंचीला थांबतं, तिथे पेन्सिलीची खूण. अशा दोन खुणांनी रेषा ठरते. एका ओळीत नसलेली तिसरी केली, की आख्खी पातळी, म्हणजे सपाट प्रतल, ठरली. तिवई कधी डुगडुगत नाही ती यामुळेच. बाजेला चौथा पाय असतो, आणि तो वर राहिला की रात्रभर खडखड.

[खांब. ओळंबा.]

खांबाला मिस्तरी ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, एका अंगाने लावतात, मग वळून शेजारच्या अंगाने. एकाच बाजूने पाहिलं तर सरळ दिसणारा खांब आपल्याकडे झुकलेला असू शकतो. पण खांबाच्या बुडाशी पातळीत एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषांशी त्याचा काटकोन जमला, की त्या बिंदूतून जाणाऱ्या पातळीतल्या सगळ्या रेषांशी जमतो.

पोऱ्या तिसऱ्या अंगाला दोरी घेऊन निघालाय. मिस्तरी त्याला चहा आणायला पाठवतात.