शूटिंगमध्ये काम करायचंय? मग आधी चहाच्या कपाकडे बघा

नमस्कार मंडळी. मालिकांमधल्या चुका पकडायच्या रील्सचा सध्या नुसता सुळसुळाट झालाय. एका शॉटमध्ये कप भरलेला, पुढच्यात अर्धा, त्याच्या पुढच्यात परत काठोकाठ. खाली सगळे विचारतात, ‘सेटवर एवढी माणसं असतात, एकालाही दिसत नाही?’ आणि दुसरीकडे आपल्या ठाण्यातल्या पोरापोरींचा ठरलेला प्रश्न : ‘घोडबंदरला एवढी शूटिंग्ज चालतात, आम्हाला काम कसं मिळेल, करायचं काय असतं?’

दोन्हीचं उत्तर एकच आहे. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटशी जुळतंय ना, हे बघणं. कारण दिग्दर्शकाच्या नव्या असिस्टंटच्या हातात बहुतेक वेळा क्लॅप (सीन-शॉटचे नंबर लिहिलेली, टेकच्या सुरुवातीला वाजवायची पाटी) आणि कंटिन्युइटी, हेच दोन पडतं.

बाकीचं भराभर सांगतो. शिफ्ट बारा तासांची, सात ते सात किंवा नऊ ते नऊ. कॉल शीट, म्हणजे उद्या कोणी किती वाजता कुठे यायचं त्याचा कागद, आदल्या रात्री येते. सीनचा आधी मास्टर (सगळे दिसतात तो मोठा शॉट), मग सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा), मग क्लोज (फक्त चेहरा). म्हणजे तीच वाक्यं, तोच चहा, चार-पाच वेळा. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचा एपिसोड लागतो आणि रोजची मालिका असेल तर जवळपास तेवढं रोज शूट व्हावंच लागतं. ग्लॅमर वगैरे तुम्हीच शोधा.

आता कप. फोटो कधी काढायचा? ‘कट’ झाल्या झाल्या, कोणी हलायच्या आत. मोठ्याने ‘होल्ड’ म्हणा आणि काढा. टेकच्या आधी आर्टिस्ट छान हसत उभे असतात, तो फोटो इन्स्टाला ठेवा, कामाला शून्य. पहिला फोटो क्लॅपचा, म्हणजे सीन नंबर आणि शॉट नंबर आपोआप नोंदला जातो. मग पूर्ण माणूस, मग कमरेपासून वर, मग फक्त हात आणि टेबल. हातांचा फोटोच सगळे विसरतात.

पण फोटोत हालचाल येत नाही, ती सीन पेपरवर, म्हणजे त्या सीनचे संवाद छापलेल्या कागदावर लिहायची. समजा वाक्य आहे, ‘मी उद्या निघतेय, बाबा.’ मास्टरमध्ये तिने ‘उद्या’वर कप उचलला. क्लोजमध्ये ‘बाबा’ म्हणून झाल्यावर उचलला. झालं, एडिटरला तिथे जोडच देता येत नाही. तो मग बाबांच्या चेहऱ्यावर जातो आणि तिथेच थांबतो. तुम्ही ज्या लांबलचक रिअ‍ॅक्शन्सना हसता ना, त्यातल्या काही अशाही जन्माला येतात! म्हणून ‘उद्या’ला गोल करा आणि वर लिहा : उजवा हात, कप वर.

सगळ्यात जास्त घोळ होतो पिकअपला, म्हणजे थांबलेला टेक मधूनच पुढे घेताना. घोडबंदर रोडलगतच्या बंगल्यात शूट आहे, बाहेर कंटेनरने हॉर्न मारला, साउंडवाल्यांनी टेक थांबवला. दिग्दर्शक म्हणतात, तिसऱ्या वाक्यापासून घेऊ. तेवढ्यात सेटवर चहा-पाणी बघणारे स्पॉटदादा प्रेमाने कप भरून ठेवतात. त्यांची चूक नाही, त्यांना टेक पहिल्यापासून वाटतो. तिसऱ्या वाक्याला कप किती रिकामा होता हे तुम्हीच सांगायचं. कपाच्या मागच्या बाजूला, चहा जिथवर होता तिथे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी टेपची बारीक चिकटपट्टी लावून ठेवा. अगरबत्ती असेल तर त्याच लांबीच्या चार-पाच तोडून हाताशी. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढा, काटे सीनच्या वेळेला लावा.

हेच आता कथेच्या बाजूने बघा. सीन १४ : ती भर पावसात गेटमधून आत येते. सीन १५ : हॉलमध्ये पाऊल टाकते. गेट कासारवडवलीत, हॉल दुसरीकडे सेटवर, मध्ये चार दिवस. कथेत मात्र एक मिनिटही गेलेलं नाही. पर्स कुठल्या खांद्यावर, केस किती भिजलेले, छत्रीतून पाणी ठिबकतंय का? स्प्रेची बाटली तयार ठेवा. उलट सीन १५ आणि सीन ३१ एकाच हॉलमध्ये, एकाच दुपारी शूट होतात, पण कथेत दोन दिवसांचं अंतर. तिथे साडी, टिकली, फुलदाणीतली फुलं बदललीच पाहिजेत. त्यामुळे सीन नंबरवर विसंबू नका. स्क्रिप्ट हातात आली की प्रत्येक सीनसमोर कथेचा दिवस लिहा : दिवस पहिला, सकाळ, दिवस तिसरा, रात्र.

‘हे कॉस्च्यूमवाले बघत नाहीत का?’ बघतात. कॉस्च्यूमदादा कपडे बघतात, हेअरवाल्या केस, सेटिंगवाले वस्तू. प्रत्येकाकडे स्वतःचे फोटो असतात. पण ओली छत्री आणि कोरडे केस एकाच फ्रेममध्ये आलेत, हे ओरडून सांगायचं काम डायरेक्शन डिपार्टमेंटचं. टेकच्या आधी ओरडा. टेकनंतर सांगितलंत तर शिव्या नक्की, आणि रास्त.

पैशांचं विचारणाऱ्यांसाठी : टीव्हीत महिन्याचे पैसे नव्वद दिवसांनी हातात येणं नेहमीचं आहे. तेव्हा होकार देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या : पर डे (दिवसाचे पैसे) किती, कन्व्हेयन्स (येण्या-जाण्याचा खर्च) रोज मिळणार का, पॅक-अप उशिरा झाला तर घरी सोडायला गाडी, म्हणजे ड्रॉप, आहे का. शेवटची लोकल गेल्यावर गायमुखला उभं राहून हा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो.

आणि पॉवर बँक न्या. एवढे फोटो काढून फोन लंच ब्रेकलाच मान टाकतो.