जिन्याखालचा भेक

(दृश्य : ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराचा पायथा, रात्र. डबक्यातून डराव डराव.)

निवेदन : मृगाचा पाऊस दोन-तीन दिवस लागून पडला, की ही डबकी बोलायला लागतात. टॉर्चच्या उजेडात हळदीसारखा पिवळाधमक बेडूक दिसतो, गळ्याशी दोन निळे फुगे. पोरं मागे सरतात, "विषारी आहे!" त्यांनी टीव्हीवर दक्षिण अमेरिकेतले रंगीत विषारी बेडूक पाहिलेले असतात. ते ठाण्यातच काय, भारतातल्या कुठल्याच जंगलात नाहीत. हा आपला शेतातला मोठा बेडूक, नर. मादीला बोलावताना काही दिवस असा पिवळा होतो. त्याच्यापासून आपल्याला भीती नाही. उलट तो त्वचेतून श्वास घेतो, म्हणून आपल्या हातावरचं सॅनिटायझर त्यालाच बाधतं.

(दृश्य : इमारतीचा जिना. चपलांच्या रॅकखाली भेक.)

विष आहे ते याच्याकडे. बेडकाचाच भाऊबंद, मातकट, खरखरीत, धड उडीही न मारणारा भेक. डोळ्यांच्या मागे दोन फुगीर उंचवटे दिसतात ना? त्या त्याच्या विषाच्या ग्रंथी. कुणी तोंडात धरलं, की त्यातून पांढरा चिकट द्रव पाझरतो. आपणहून तो कुणाच्या वाटेला जात नाही. त्याला हात लागला म्हणून चामखीळ येत नाही. चामखीळ विषाणूमुळे येते. हात साबणाने धुवा, तोपर्यंत डोळ्यांना लावू नका, एवढंच. कुत्र्याला मात्र जपा. भेक तोंडात धरून त्याच्या तोंडाला फेस आला, तर ओल्या फडक्याने हिरड्या पुसा आणि लगेच पशुवैद्याकडे न्या. आणि कृपा करून भेकाला झाडूने मारू नका. दिव्याखालचे पावसाळी किडे तोच खातो.

(दृश्य : रस्त्याचा दुभाजक, गुलाबी कण्हेर.)

हृदयाच्या पेशींमध्ये सोडियम आणि पोटॅशियमची ने-आण करणारा एक पंप असतो. भेकाच्या विषातले काही घटक तो अडवतात. कण्हेरीचं विषही तिथेच घाव घालतं. पान, फूल, साल, मूळ, सगळंच विषारी. तिची बहीण पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. फुलं देवाला वाहतो, बियांनी मुलं खेळतात. लहानपणी आम्हीही खेळलो, पण त्या बिया जिवावर बेतू शकतात हे कुणी सांगितलं नव्हतं. मुलाने बी चावली असेल, तर घरी उलटी करवत बसू नका. ते फळ सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.

श्रावण-भाद्रपदात कुंपणावर ज्वाळेसारखी फुलते ती कळलावी. फूल डोळे भरून बघा. तिचा कंद मात्र कंदमूळ समजून कुणी उकडू नये, त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं.

(दृश्य : ठाण्याचा जांभळी नाका बाजार, सकाळ. टोपलीत शेवळं.)

आणि ही शेवळं, पावसाळी रानभाजी. येऊरच्या पाड्यांवरच्या बायका पावसाच्या तोंडाला घेऊन येतात. यांच्यातही सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला खाजवतात. म्हणून शेजारीच काकडांचा, म्हणजे आंबट रानफळांचा, वाटा मांडलेला असतो. काकडं घालून शिजवली, की खाज मोडते.

जुडी नुसतीच उचललेल्या गिऱ्हाइकाला मावशी हटकतात.

"काकडं घ्या ताई, नायतर घसा धरंल. आणि आतला हा पिवळा भाग काढून टाका." त्या स्वतःच एक शेवळं सोलून दाखवतात.