हेदर छाटताय? तपकिरी काडीला हात लावू नका!

नमस्कार मंडळी! हेदर म्हणजे थंड हवेतलं, बारीक पानांचं, इवल्या इवल्या फुलांचं बुटकं झुडूप. मार्च उजाडला की माझ्या कमेंट्समध्ये एकच प्रश्न, "ताई, हेदर खालून नुसतं काड्या काड्या झालंय, बुडापासून कापून टाकू का?" नाही. नाही कापायचं. खरं तर व्हिडिओ इथेच संपला, पण तुम्ही ऐकणार नाही हे मला माहितीये.

बेसिक पटकन उरकते. ऊन भरपूर, पाण्याचा निचरा चांगला, एरिकेशियस म्हणजे आम्लधर्मी कंपोस्ट, शेणखत अजिबात नको, याला गरीब मातीच आवडते. ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतं ते कॅलुना, त्याची पानं बारीक खवल्यांसारखी काडीला चिकटलेली. भर थंडीत, डिसेंबर ते एप्रिल, फुलतं ते एरिका कार्निया, त्याची पानं सुयांसारखी. कॅलुनाला आम्लधर्मी माती लागतेच, कार्निया थोडा चुना सहन करतं. आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो, इथे किटलीत पांढरा थर जमतो म्हणजे पाण्यात चुना किती बघा, म्हणून कुंडीतल्या कॅलुनाला मी पावसाचं साठवलेलंच पाणी घालते. तुमच्याही किटलीत थर असेल तर सरळ कार्निया घ्या, 'स्प्रिंगवुड व्हाइट' मस्त पसरतं.

आता छाटणी. हे बघा, जरा जवळ आणते. इथे सुकलेली फुलं, त्याच्या खाली हिरवी पानं, आणि त्याच्याही खाली ही तपकिरी उघडी काडी. कात्री सुकलेल्या फुलांच्या जरासं खाली, पण हिरव्यातच चालवायची. तपकिरीत गेलात की ती फांदी गेली.

माझे सासरे पिंपळगावचे, द्राक्षवाले. इथे आले आणि माझं हेदर बघून म्हणाले, "सूनबाई, याची खरड छाटणी करू या." एप्रिलमध्ये द्राक्षाची काडी कापून एक-दोन डोळ्यांवर, म्हणजे फुटव्याच्या कोंबांवर आणली की कशी जोरात फूट येते, तो हिशोब त्यांच्या डोक्यात. मी चहा करायला आत गेले, तोवर एक झाड बोडकं. उन्हाळा गेला, एक पान आलं नाही! बाबा रोज जाऊन बघायचे बिचारे. द्राक्षाच्या काडीवर डोळे झोपलेले असतात, हेदरच्या जुन्या लाकडावर ते जवळजवळ नसतातच, फुटणार कुठून?

मग एक दादा दरवेळी लिहितात, "स्कॉटलंडात डोंगरच्या डोंगर हेदर जाळतात, तरी परत येतंच की!" येतं हो दादा. पण तिथे ग्राउस नावाच्या शिकारीच्या रानपक्ष्यांसाठी जाळतात, कोवळी झाडं बुडातून फुटतात आणि मातीत बी पडलेलं असतंच. झाड म्हातारं झालं की बुडातून फुटायची ताकद कमी होत जाते. तुमच्या दारातलं दहा वर्षांचं झुडूप म्हणजे तो डोंगर नाही. तेव्हा पुन्हा सांगते, हिरव्यात कापा, दरवर्षी कापा, कॅलुना मार्च-एप्रिलमध्ये आणि कार्निया फुलं संपली की लगेच. दरवर्षी थोडं कापलं तर काड्यांची वेळच येत नाही.

पुण्याहून विचारणाऱ्यांनो, नका मागवू, तिथला एप्रिल-मे त्याला झेपायचा नाही. आणि सुपरमार्केटमधलं निळं, चमकीवालं हेदर ही जात नाही हो, रंग फवारलाय वरून! नवीन फूट येते ती साधी हिरवीच.

बरं, ज्यांचं आधीच काड्या काड्या झालंय त्यांनी काय करायचं? वसंतात झाड मुळांसकट उपटा, खोल खड्डा करा, फक्त हिरवे शेंडे वर राहतील इतकं आत बसवा, फांद्यांच्या मध्ये वाळू आणि कंपोस्ट भरा. पुढच्या वसंतापर्यंत पुरलेल्या फांद्यांना मुळं फुटतात, मग एकेक कापून वेगळी लावायची. तोवर माती कोरडी पडू देऊ नका, कारण हेदर तहानलं तरी मान टाकत नाही, पानं तशीच दिसतात, तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. बोट घालून माती बघा, पानं बघू नका.